पास्काचं पाणी

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
देवाचं पन्नास दिवसांचं काम मात्र
एका रात्रीच्या पाण्यावर भागायचं.

जागरणाच्या रात्री फादर दमियाननी
मेणबत्तीचा बुडखा तीनदा बुडवला घंगाळात,
तेव्हा ते काठोकाठ होतं.
मी कडेला, हातात टॉवेल.
सत्तावीस वर्षं टॉवेलांचे काठ शिवले अक्कलकोट रोडला,
रंगखात्यात पाणी पाहिलं ते लाल, नाहीतर निळं.
हे नुसतंच पाणी होतं. बघत राहिले.

आता दुसरा आठवडा. पारा त्रेचाळीस.
पास्काची मेणबत्ती वाकलीय खिडकीकडे,
म्हातारी माणसं हाक ऐकायला वाकतात तशी.
तिच्यावर कोरलेल्या सालाचे शेवटचे दोन आकडे
घामेजून एकमेकांना टेकलेत.
रोज सकाळी मी तिला उलटी फिरवून ठेवते,
संध्याकाळपर्यंत ऊनच तिला सरळ करतं.

रविवारी थोमाची गोष्ट वाचली:
भ्यालेले शिष्य, दारं लावून बसलेले.
आमची दारं सताड. लावली तर गुदमरू.
तीन पंखे, त्यातला एक फिरतो.
इथं यायचं तर त्यालाही दारातूनच यावं लागेल,
चपलांच्या ढिगावरून, वाट काढत.
तीन वाजता दयेची प्रार्थना.
सोलापुरात दुपारी तीनला कुत्रंही सावली सोडत नाही.
आम्ही चौघी आलो,
आणि सिस्टर फ्लोरिना, काळी छत्री घेऊन.

सोमवारचं वाचन वाऱ्याबद्दल.
बाहेर लिंबाचं पान हललं नाही.

मंगळवारी इन्नय्या गेला.
चाळीस वर्षं यंत्रमागावर, दोन्ही कान मागानं खाल्लेले.
आलेलुया तो अर्धी ओळ उशिरा म्हणायचा,
सगळ्यांचं संपल्यावर, एकटा, खणखणीत.
पोरं हसायची. तो आनंदानं बघायचा त्यांच्याकडे.

मातीच्या मिस्सेला मरियम्मा तेलुगूत रडली,
फादर मराठीत बोलले,
रेल्वे क्वार्टरमधली आरोग्यम
तिच्या पाठीवर नुसता हात ठेवून बसली.
वाकडी मेणबत्ती उशाशी उभी केली.
फादरनी पेटीवर पाणी शिंपडलं, सढळ हातानं.
एक, दोन, पाच, नऊ...
मी थेंब मोजत होते.
इन्नय्याच्या पेटीवरचे थेंब.

आलेलुया झालं.
सगळे थांबले.
अर्ध्या ओळीइतके.
कुणी ठरवलं नव्हतं.

गुरुवारी घंगाळात बोट घातलं, तळ लागला.
आणि रविवारी लाजर आढावच्या नातीचा बाप्तिस्मा.

शुक्रवारी रात्री अडीचला नळ आला.
गल्ली उठली. मोटारी घरघरल्या,
पाइपावरून शेजारणींचं एकदा वाजलं, एकदा मिटलं.
घरची पिंपं राहू दिली,
पहिली कळशी उचलून देवळात गेले
आणि ओतली.
अंधारात आवाज किती मोठा होतो पाण्याचा.
पवित्र कुठलं, उजनीचं कुठलं,
आता त्यालाही निवडता यायचं नाही.

शनिवारी पापनिवेदनाला बसले. सांगून टाकलं.
जाळीपलीकडे फादर हसले बहुतेक.
"मला उठवायचं होतंस. हात धरून आशीर्वाद मागितला असता, झालं.
हे पाप नाही. दुसरं?"
दुसरं म्हणजे, थेंब मोजले.
यावर मात्र ते गप्प.
पंख्याची कुरकुर बराच वेळ ऐकली आम्ही दोघांनी.
मग म्हणाले,
"उद्या बाप्तिस्म्याला तांब्या तू भरून दे."

भरला. गळ्यापर्यंत, वर फुगीर.
सव्वा महिन्याच्या त्या पोरीनं
पहिल्या धारेलाच सगळं चर्च डोक्यावर घेतलं.
तिच्या डोक्यावरून, फादरच्या बाहीवरून
पाणी फरशीवर गेलं, पसरलं.
टॉवेल माझ्या खांद्यावरच होता.
पोरीचं डोकं टिपलं,
फरशी कुणाला पुसू दिली नाही.

ख्रिस्तशरीर घ्यायला रांग निघाली,
अनवाणी.
त्या ओल्या चार फरशांवर
प्रत्येक जण अंमळ रेंगाळला.